पॉवरलिफ्टिंग संघटना आणि रेफ्री मंडळींना खुलं पत्र: आधी डेप्थ बघा, मग आकडा

सन्माननीय पदाधिकारी, आयोजक आणि रेफ्री मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका संघटनेला नाहीये. महाराष्ट्रात जिल्हा, राज्य, ओपन, निमंत्रित अशा कुठल्याही नावाने जे जे पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा भरवतात आणि तिथे जे जे पास-फेलच्या पांढऱ्या-लाल लाइटच्या बटणावर बोट ठेवून बसतात त्या सगळ्यांना आहे. मी आधी लिफ्टर होतो, आता पोरापोरींना शिकवतो, खेळावर जीव आहे म्हणून लिहितोय. कोणाशी वैर नाही आणि कोणाचं जुनं काही उकरून काढायचं नाही. पत्र लांबलंय, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या खेळाच्या आकड्यांवर आपलाच विश्वास राहिलेला नाही. एखाद्या पोराने सांगितलं की मी २५० किलोचा स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं) मारला, तर त्याच्याच बरोबरीचा दुसरा लिफ्टर लगेच विचारतो, कुठल्या फेडरेशनला, सूट होता का, रॅप होते का, आणि खरंच पुरेसा खाली गेलेलास का, म्हणजे डेप्थ होती का. हे विचारणारा बाहेरचा कोणी नाही, आपल्यातलाच आहे. १०० मीटर ११ सेकंदात धावलो म्हटल्यावर कोणी विचारत नाही की अंतर पूर्ण होतं ना. आपल्याकडे विचारावं लागतं, कारण किलो सगळीकडे तोच असला तरी स्क्वॉट प्रत्येक हॉलमध्ये वेगळा असतो.

याच्या मागे गिअर (अंगाला आधार देणारे खास कपडे) आहे आणि ढिलं जजिंग आहे, हे सगळेच म्हणतात. पण मीटिंगमध्ये हे दोन विषय कायम वेगवेगळे निघतात, क्लासिकवाले (गिअर न घालणारे) म्हणतात गिअर बंद करा, इक्विप्डवाले (गिअर घालणारे) म्हणतात आधी रेफ्री सुधारा, आणि विषय तिथेच राहतो. माझं म्हणणं असं की हे दोन विषय नाहीतच, एकच आहे, एकातून दुसरं निघतं. ते कसं हे नीट सांगतो.

आधी जे वाचणारे खेळातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या खेळात तीन लिफ्ट असतात, स्क्वॉट, आडवं पडून बार छातीवर आणून वर ढकलायची बेंच प्रेस आणि जमिनीवरून बार उचलायची डेडलिफ्ट, आणि तिन्हींची बेरीज म्हणजे टोटल. सपोर्टिव्ह गिअर म्हणजे स्क्वॉट सूट, डेडलिफ्ट सूट, बेंच शर्ट आणि गुडघ्याचे रॅप. कापड इतकं जाड आणि ताठ असतं की घालायला दोन माणसं लागतात. बेंच शर्ट घातलेला लिफ्टर तुम्ही जवळून बघितला नसेल तर एकदा वॉर्मअप रूममध्ये जाऊन बघा, एक जण पुढून बाही खेचतोय, दुसरा मागून कापड सरकवतोय, दंडावर लाल वळ उठलेत, आणि शर्ट बसला की त्याचे हात आपोआप पुढे ताणून उभे राहतात, खाली आणता येत नाहीत. आता अशा माणसाला नुसता २० किलोचा बार द्या, तो बार छातीला लागतच नाही. शंभर दिले तरी लागत नाही. शर्टाचं कापड दाबायला वजनच भरपूर लागतं, आणि तेच कापड मग वर येताना ढकलायला मदत करतं. सूट आणि रॅपचं पण तेच, खाली जाताना विरोध, वर येताना मदत.

ही मदत किती, तर बेंचचेच आकडे घ्या. ज्युलियस मॅडॉक्सने २०२१ मध्ये शर्ट न घालता ३५५ किलो मारले. जिमी कोल्बने २०२३ मध्ये मल्टीप्लाय (अनेक थरांच्या) शर्टमध्ये ६३५ किलो मारले. मधलं अंतर २८० किलोचं आहे. कोल्बच्या मेहनतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, एवढं वजन नुसतं हातात धरणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे. पण या दोन लिफ्टना एकच नाव आहे, बेंच प्रेस, आणि बाहेरच्या माणसाने दोन्ही व्हिडिओ लागोपाठ बघितले की त्याचा गोंधळ होणारच. डेडलिफ्टमध्ये गिअरची मदत बरीच कमी मिळते, म्हणून तिथे वाद पण कमी आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. साठ-सत्तरच्या दशकात लोक चादरी फाडून अंगाला गुंडाळायचे, गुडघ्याच्या मागे टेनिस बॉल कापून बांधायचे असं जुनी मंडळी सांगतात. मग घट्ट कपडे आले, मग खास सूट आले, १९८३ मध्ये अमेरिकेत जॉन इंझरने बेंच शर्ट काढला, आणि त्यानंतर कापड जाड होत गेलं. आयपीएफ या जागतिक संघटनेने निदान मर्यादा घातली, एकाच थराचं कापड, मंजूर यादीतलेच ब्रँड, गुडघ्याचा रॅप २ मीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद, बेल्ट १० सेंटीमीटरपेक्षा रुंद नाही. ज्यांना ही मर्यादा नको होती, किंवा डोप टेस्ट नको होती, त्यांनी वेगळ्या फेडरेशन काढल्या, तिथे दोन थर, तीन थर, कॅनव्हास सगळं आलं. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात जी फाटाफूट सुरू झाली त्याचीच कॉपी आपल्याकडे आलीये, एकाच शहरात वेगवेगळ्या नावांच्या स्टेट आणि नॅशनल होतात आणि प्रत्येकीचा चॅम्पियन वेगळा.

आता मूळ गोष्ट. सूट खाली जाऊ देत नाही. हे जो सूट घालून बसलाय त्यालाच कळतं. मांड्या जमिनीला समांतर व्हायच्या जवळ आल्या की कापड अडवतं, आणि शेवटचे दोन इंच खाली जायला वजन पुरेसं लागतं. मग लिफ्टर काय करतो, वजन वाढवतो, म्हणजे वजनच त्याला खाली दाबेल. पण वजन वाढवलं की वर यायची भीती वाढते, म्हणून तो खाली जाताना थोडा आधीच थांबतो. नियम काय सांगतो, मांडीचा वरचा पृष्ठभाग कंबरेच्या सांध्यापाशी गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेला पाहिजे. लिफ्टर त्या रेषेच्या जेमतेम वर थांबून परत येतो. आणि नेमकं तिथेच सूटच्या कापडाला जाड घड्या पडलेल्या असतात, त्यामुळे कंबरेची खरी घडी कुठे आहे ते साइड रेफ्रीला दिसत नाही. त्यात भर म्हणून पाच स्पॉटर (बार सांभाळायला उभी असलेली माणसं), त्यातला एक रेफ्रीच्या डोळ्यासमोर, आणि ४५० मिलीमीटर व्यासाच्या प्लेट. रेफ्रीला अर्धा सेकंद मिळतो. हॉलमध्ये आरडाओरडा. तो बटण दाबतो, पांढरं.

एकदा असा पांढरा मिळाला की पुढचा लिफ्टर तेवढंच खाली जातो, कशाला जास्त जाईल. पुढच्या स्पर्धेत तोच आकडा रेकॉर्ड म्हणून समोर असतो, तो मोडायचा तर अजून वजन हवं, अजून ताठ सूट हवा, आणि अजून थोडं वर थांबायला हवं. म्हणजे गिअरमुळे जजिंग अवघड झालं, जजिंग ढिलं झालं म्हणून गिअर अजून वाढलं. कोणी मुद्दाम फसवलं नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत, तरीपण काही वर्षांनी स्क्वॉट अर्धाच उरला. बाहेरच्या काही फेडरेशनच्या जुन्या व्हिडिओंमध्ये हे स्पष्ट दिसतं आणि त्या व्हिडिओंखाली सगळ्या जगाने आपल्या खेळाला नावं ठेवलीत. आपल्याकडच्या काही हॉलमध्ये तेच चाललंय, फरक एवढाच की आपले व्हिडिओ एवढे लोक बघत नाहीत.

मी स्वतः बघितलेली एक गोष्ट सांगतो, स्पर्धेचं नाव घेत नाही. आमच्या जिममधली एक मुलगी, ५७ किलो गटात, क्लासिक. तिचा दुसरा स्क्वॉट मी बाजूने बघत होतो, खाली होती, पण फार नाही. दोन रेड, म्हणजे फेल. साइड रेफ्रीने लाल कार्ड वर केलं, म्हणजे डेप्थ नाही. ठीक आहे, मी तिला म्हटलं काही बोलायचं नाही, तिसऱ्याला अजून खाली जा. ती गेली, चांगली बुडून वर आली, तीन पांढरे. मला आनंदच झाला की इथे जजिंग कडक आहे. त्यानंतर त्याच प्लॅटफॉर्मवर, तेच तीन रेफ्री, इक्विप्ड सेशन सुरू झालं. एकामागून एक लिफ्टर समांतरच्या चांगलेच वर थांबून येत होते आणि पांढरे पडत होते. ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मला म्हणाली, "सर, त्यांचा नियम वेगळा असतो का?" नियम वेगळा नाहीये, आयपीएफच्या पुस्तकात डेप्थची व्याख्या दोन्हीकडे एकच आहे. मी तिला हेच सांगितलं आणि ती गप्प बसली. तिचं काय मत झालं असेल या खेळाबद्दल ते तुम्ही सांगा.

मंडईत एका गाळ्यावर किलोला हजार ग्रॅम मिळतात आणि शेजारच्या गाळ्यावर नऊशे, हे गिऱ्हाइकाला कळलं की तो दोघांकडे पण संशयानेच बघतो. आपलं तेच झालंय. ज्यांनी व्यवस्थित खाली जाऊन, छातीवर थांबून, सरळ लॉक करून लिफ्ट मारल्या, त्यांच्या आकड्याकडे पण लोक तसंच बघतात. ढिल्या जजिंगचा सगळ्यात मोठा तोटा प्रामाणिक लिफ्टरला होतो, कारण त्याच्या घामाचा भाव पडतो.

ज्यांना वाटतं की हा किरकोळ विषय आहे त्यांनी वेटलिफ्टिंगच्या प्रेसचा इतिहास आठवावा. १९७२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये स्नॅच आणि क्लीन अँड जर्कबरोबर क्लीन अँड प्रेस पण होती. म्हणजे बार खांद्यावर घेऊन सरळ उभं राहून दंडाच्या जोरावर डोक्यावर ढकलायचा. हळूहळू लिफ्टर कमरेतून मागे वाकायला लागले, रेफ्रींनी थोडं वाकणं चालवून घेतलं, मग अजून थोडं, आणि शेवटी ती प्रेस उभ्याने मारलेल्या बेंचसारखी दिसायला लागली. कुठला रेफ्री काय पास करेल याचा नेम राहिला नाही, देश-देशांत वाद व्हायला लागले. म्युनिक ऑलिम्पिकनंतर ती लिफ्टच काढून टाकली. ताकदीची इतकी जुनी लिफ्ट, आणि ती गेली कशामुळे, तर तिचं जजिंग करता येत नव्हतं म्हणून. आणि त्याच १९७२ मध्ये आयपीएफ स्थापन झाली. आपला खेळ ज्या वर्षी जागतिक पातळीवर उभा राहिला त्याच वर्षी शेजारच्या खेळाने आपल्याला हे दाखवून दिलं होतं.

पॉवरलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये का नाही, हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेच्या उद्घाटनाला कोणीतरी पाहुणा विचारतोच. कारणं बरीच आहेत, डोपिंग हे त्यातलं मोठं, आणि नाडाच्या (देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या) याद्यांमध्ये आपल्या खेळातली नावं सारखी दिसतात हे आपल्याला माहितीये, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. १९८१ पासून ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या वर्ल्ड गेम्समध्ये आपण आहोत, त्यापुढे गेलेलो नाही. आणि पॅरालिम्पिकमध्ये मात्र पॉवरलिफ्टिंग आहे, फक्त बेंच प्रेस, शर्ट नाही, छातीवर बार स्थिर झाला पाहिजे, दोन्ही हात सारखे वर आले पाहिजेत, आणि जजिंग इतकं कडक की दिग्गज लोकांच्या लिफ्ट फेल होतात. राजिंदर सिंग राहेलूने २००४ मध्ये अथेन्सला ५६ किलो गटात १५७.५ किलो मारून ब्राँझ आणलं. त्या १५७.५ बद्दल कोणी विचारत नाही की शर्ट होता का. मला वाटतं आपण त्या खेळाकडून शिकायला पाहिजे, त्यांना आपल्याकडून काही शिकायची गरज नाही.

आता कोणी म्हणेल गिअरच बंद करा, म्हणजे झालं. मी या मताचा नाही. इक्विप्ड लिफ्टिंग ही एक वेगळी कला आहे, शर्टमध्ये बार कुठे उतरवायचा, कोपर कधी आत घ्यायचे, सूटमध्ये श्वास कसा धरायचा, हे शिकायला वर्षं जातात, आणि ज्या वजनाखाली ते उभे राहतात तिथे चूक झाली तर फार महागात पडते. आपल्या जुन्या पिढीचे सगळे नामवंत लिफ्टर इक्विप्डमधूनच आलेत, त्यांची मेहनत कोणी कमी लेखू नये. माझं म्हणणं फक्त एवढंच की ते पूर्णपणे वेगळं ठेवा आणि तिथे जजिंग क्लासिकपेक्षा पण जास्त कडक ठेवा, कारण तिथे चूक होण्याची शक्यता जास्त आहे. आज होतं उलट.

आणि क्लासिक म्हणजे सगळं धुतल्या तांदळासारखं, असंही समजू नका. आयपीएफने २०१२ मध्ये स्टॉकहोमला क्लासिक वर्ल्ड कप घेतला, २०१३ मध्ये रशियात सुझदालला पहिली क्लासिक वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, आणि त्यानंतर हा खेळ कुठल्या कुठे गेला. २०२३ मध्ये शेफिल्डला जीझस ऑलिव्हारेसने ११५२.५ किलोची टोटल केली, अंगावर बेल्ट, रिस्ट रॅप, नी स्लीव्ज (गुडघ्यावर चढवायचे घट्ट मोजे) आणि सिंगलेट (अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख), बाकी काही नाही, आणि आपल्या गावागावातल्या पोरांनी ते मोबाइलवर लाइव्ह बघितलं. आज माझ्याकडे जी नवीन पोरं येतात ती जवळजवळ सगळी क्लासिकच करायला येतात, त्याला पैशाचं पण कारण आहे, मंजूर ब्रँडचा सूट, शर्ट आणि रॅप घ्यायचे तर साध्या घरातल्या पोराला आई-बापाकडे मागायची लाज वाटते. पण क्लासिकमध्ये पण गिअर हळूच शिरतंय. नी स्लीव्ज ७ मिलीमीटर जाडीच्या चालतात, तर लोक दोन साइज लहान घ्यायला लागले, दोन जण मिळून चढवायला लागले, म्हणून आयपीएफला नियम करावा लागला की स्लीव्ज लिफ्टरने स्वतःच घालायच्या, प्लास्टिक किंवा दुसऱ्या माणसाची मदत घ्यायची नाही. हा नियम आपल्या किती स्पर्धांमध्ये बघितला जातो? मी वॉर्मअप रूममध्ये सर्रास बघतो, एक पोरगा खुर्चीत बसलाय, पायावर पॉलिथिनची पिशवी, आणि दोघं जण स्लीव्ज ओढतायत, आणि टेक्निकल ऑफिशियल शेजारून निघून जातात.

बेंचच्या आर्चचं बघा. काही लिफ्टर, त्यात बऱ्याच मुली, पाठीची एवढी कमान करायच्या की बार दोन-तीन बोटंच हलायचा. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले, लोक हसले, आणि १ जानेवारी २०२३ पासून आयपीएफने नियम आणला की बार छातीवर असताना कोपरांचा खालचा भाग खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याच्या खाली आला पाहिजे. यावर बराच वाद झाला, ज्यांचे हात आखूड किंवा छाती मोठी त्यांना काहीही न करता त्रास झाला, आणि ते मला पटतं पण. तरी नियम आला ते चांगलं झालं असं माझं मत आहे, कारण निदान एक रेषा ठरली. पण रेषा ठरवली की ती दिसली पाहिजे. कोपर आणि खांदा यांची उंची ज्या कोनातून दिसते तिथे रेफ्री बसलाय का, त्याच्या डोळ्याची उंची बेंचच्या जवळपास आहे का, का तो स्टेजच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वर मान करून बघतोय? आपल्याकडे मंगल कार्यालयाचं स्टेज असतं, रेफ्री खाली बसतात, आणि खालून वर बघितलं की स्क्वॉट किती खाली गेला ते नीट कळत नाही. वरून बघणाऱ्याला पण नाही. म्हणजे खुर्ची कुठे ठेवली यावर एखाद्याचं मेडल ठरतं.

रेफ्री मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, हे पण लिहिलं पाहिजे. सकाळी वेट-इनला (लिफ्टरची वजनं घ्यायला) येतात, रात्री उशिरापर्यंत बसतात, मानधन नावापुरतं, जेवण मिळालं तर मिळालं, आणि प्रत्येक रेडवर कोणीतरी कोच अंगावर येतो. मी पण कोच आहे, मला माहितीये कोच काय काय करतात. रेड दिला की संबंध बिघडतात, पांढरा दिला की सगळे खूश, अशा ठिकाणी माणूस थकल्यावर हात कुठल्या बटणाकडे जाईल हे सांगायला नको. त्यात अजून एक गोष्ट, जी सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही. रेफ्रीच्या खुर्चीत बसलेला माणूस बऱ्याचदा स्वतःच कुठल्यातरी जिमचा कोच असतो आणि त्याचीच पोरं प्लॅटफॉर्मवर असतात. तो कितीही सरळ असला, तरी बघणाऱ्याला काय वाटेल? आणि त्याच्या पोराने खरोखर उत्तम लिफ्ट मारली तरी मागून कोणीतरी म्हणणारच, सरांनीच दिली. त्या पोरावर पण अन्याय आहे हा.

हे नुसतं मेडलपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि गरीब घरातल्या पोरासाठी एक प्रमाणपत्र म्हणजे पूर्ण घराचं आयुष्य बदलतं. जिथे एवढं काही पणाला लागलंय तिथे एका उंच स्क्वॉटवर पडलेला पांढरा लाइट म्हणजे चौथ्या नंबरवर राहिलेल्या दुसऱ्या पोराचा घास आहे. आणि उद्या क्रीडा खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने आपल्या स्पर्धेचा व्हिडिओ बघून ठरवलं की या खेळाला काही शिस्तच नाही, तर ते प्रमाणपत्र सगळ्यांचंच जाईल, ज्यांनी प्रामाणिकपणे मिळवलं त्यांचं पण.

तर मागणं काय आहे. सगळ्यात आधी व्हिडिओ. प्लॅटफॉर्मच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर एक मोबाइल स्टँडवर लावायचा आणि पूर्ण सेशन रेकॉर्ड करून त्याच आठवड्यात सगळ्यांना बघता येईल असं टाकायचं. खर्च जवळजवळ शून्य. मी असं म्हणत नाही की व्हिडिओ बघून निकाल बदला, तो अधिकार रेफ्रींचाच राहू दे. पण सगळे बघणार आहेत हे माहीत असलं की तिघांचंही बोट जरा विचार करून बटणावर जातं, आणि ज्या रेफ्रीने योग्य रेड दिला त्याच्या बाजूने पण पुरावा उभा राहतो, कोचला शांतपणे दाखवता येतं की बघ बाबा, खाली नव्हता. जिथे रेकॉर्ड दिलं जातं तिथे तर व्हिडिओशिवाय रेकॉर्ड धरूच नये.

खुर्च्यांचं वर लिहिलंच आहे. स्टेज असेल तर रेफ्री स्टेजवर बसवा, स्पॉटरना सांगा की स्क्वॉट खाली गेल्यावर साइड रेफ्रीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. आणि ज्या फ्लाइटमध्ये (लिफ्टरच्या तुकडीत) स्वतःच्या जिमचा लिफ्टर असेल त्या फ्लाइटला त्या रेफ्रीने खुर्ची सोडायची, हे लेखी करा. जिल्ह्यात रेफ्री कमी आहेत म्हणाल, तर शेजारच्या जिल्ह्यातून बोलवा, त्यांचा एसटीचा आणि राहायचा खर्च एंट्री फीमध्ये थोडे पैसे वाढवून सहज निघेल. आमच्या जिममधल्या पोरांना मी विचारलं, ती आनंदाने द्यायला तयार आहेत. रेड पडला की कारणाचं कार्ड दाखवा, लाल, निळं, पिवळं जे असेल ते, प्रत्येक वेळी, जिल्हा पातळीला पण. कारण कळलं की राग अर्धा होतो, आणि लिफ्टर पुढच्या अटेम्प्टला सुधारतो.

इक्विपमेंट चेक वेट-इनच्या वेळी टेबलवर शिक्का मारून संपतो, तो प्लॅटफॉर्मवर पण व्हायला पाहिजे, कारण तपासलेला सूट एक आणि घातलेला दुसरा असं होतं हे तुम्हालाही माहितीये. निकालाच्या शीटवर प्रत्येक लिफ्टरच्या पुढे स्पष्ट लिहा, क्लासिक का इक्विप्ड, रॅप का स्लीव्ज, आणि तिन्ही अटेम्प्ट लिहा, फेल झालेले पण. ओपनपॉवरलिफ्टिंग या वेबसाइटवर जगभरच्या स्पर्धा अशाच नोंदवल्या जातात, फेल अटेम्प्ट पण दिसतात, कोणीही बघू शकतं. आपल्या कितीतरी स्पर्धांचा निकाल म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा एक वाकडा फोटो, त्यात फक्त नाव आणि टोटल. "स्टेट रेकॉर्ड" असं पेपरमध्ये छापून आणताना पण कुठल्या संघटनेचं आणि कशातलं, हे सांगायची पद्धत पाडा, म्हणजे गिअर न घालता २०० मारणाऱ्या मुलाला गिअर घालून २८० मारणाऱ्याच्या पुढे मान खाली घालावी लागणार नाही, आणि २८० वाल्याला पण त्याच्या प्रकारातला मान मिळेल.

कडक जजिंग सुरू केलं की पहिल्या वर्षी बोंबाबोंब होईल हे मी आत्ताच सांगून ठेवतो. बॉम्ब आउट वाढतील, म्हणजे स्क्वॉटचेच तिन्ही अटेम्प्ट फेल होऊन लोक स्पर्धेबाहेर जातील, टोटल खाली येतील, काही जिम दुसऱ्या फेडरेशनकडे जायची धमकी देतील आणि काही खरंच जातील. एंट्री कमी झाल्या तर हॉलचं भाडं निघत नाही, ही तुमची अडचण मला कळते. पण जाणारे गेल्यावर कोण राहतं ते बघा. ज्याला आपला आकडा खरा हवाय तो राहतो, आणि असे लिफ्टर आज खूप आहेत, विशेषतः विशीतली पोरं, ती जगातल्या स्पर्धा बघून आलीत, त्यांना डेप्थ म्हणजे काय ते कोचपेक्षा आधी माहीत असतं. आम्ही कोच लोकांनी पण आमच्या बाजूने करायचं आहे, प्रॅक्टिसमध्ये उंच स्क्वॉट मोजायचा नाही आणि स्पर्धेत योग्य रेडवर रेफ्रीच्या अंगावर जायचं नाही, हे मी माझ्या जिमपुरतं आत्ताच कबूल करतो.

पुढच्या सीझनच्या पहिल्या स्पर्धेपासून निदान व्हिडिओ आणि खुर्च्या या दोन गोष्टी करून बघा. कॅमेरा, स्टँड, बॅटरी आणि दिवसभर उभी राहणारी दोन पोरं आम्ही द्यायला तयार आहोत, कुठल्याही संघटनेची स्पर्धा असो, फक्त आदल्या आठवड्यात कळवा.

आपला,
एक जुना लिफ्टर, आता कोच